थोडा वेळ थांबा : पथनाट्यसंग्रहाची प्रस्तावना

सेन्सॉरशिपचा विषय निघाला की मराठी नाट्यरसिकाला आधी कागद आठवतो. संहितेची टंकलिखित प्रत, समासातल्या खुणा, संवाद गाळण्याचा शेरा आणि शेवटी शिक्का. आपल्याकडे हे साहजिकच आहे. नाटक लिहून झालं की ते रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायचं आणि प्रमाणपत्र आलं की तिकीटविक्री उघडायची, हा पन्नासच्या दशकापासूनचा शिरस्ता. त्याच्याही मागे इंग्रजांचा 1876 चा नाट्यप्रयोग कायदा उभा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये मंडळाने काटछाट मागितली तेव्हा कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले, जिंकून आले, आणि पुढे 'बाइंडरचे दिवस'मध्ये त्यांनी त्या लढाईचा सगळा हिशेब मांडला. अमोल पालेकरांनी 2016 मध्ये या पूर्वपरीक्षणालाच न्यायालयात आव्हान दिलं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं आपला हा वाद लेखक, सरकारी अधिकारी आणि न्यायाधीश यांच्यात चालू आहे. वादाचा विषयही एकच राहिला, मजकूर.

या संग्रहातल्या नाटकांचं तसं नाही. त्यांना पडदा नाही, विंग नाही, तिसरी घंटा नाही. कारखान्याचं फाटक, बसथांबा, वस्तीतली मोकळी जागा, कॉलेजचं आवार, असं जिथे माणसांचं कडं उभं राहील तिथे ती सुरू होतात. ती बंद पाडायला कुणी येतो तेव्हा त्याने संहिता बहुधा वाचलेली नसते. वाचायची त्याला गरजही नसते, कारण त्याची तक्रार संवादाबद्दल नसते. तुम्ही इथे का उभे आहात, एवढंच त्याला विचारायचं असतं.

म्हणून या प्रस्तावनेत पथनाट्याचा समग्र इतिहास सांगण्याऐवजी मी एकाच प्रयोगाजवळ थोडा वेळ थांबणार आहे. तो प्रयोग महाराष्ट्रातला नाही. दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादमधला आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की विचारस्वातंत्र्याचा निवाडा पुष्कळदा मजकुरावर होतच नाही. कोण कुठे उभं राहून बोलतो, ऐकायला कोण थांबतो, आणि ज्याला ऐकायचं नाही तो काही मिनिटं कळ काढतो की नाही, यावर तो होतो.

*

गाझियाबाद 1976 पर्यंत मेरठ जिल्ह्यातलं एक तहसिलीचं गाव होतं. त्या वर्षी 14 नोव्हेंबरला त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. दिल्लीची हद्द संपते तिथेच साहिबाबादचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. आज वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरमच्या उंच सोसायट्यांमध्ये मराठी आडनावाच्या पाट्याही सापडतात, आणि 2023 पासून साहिबाबादच्या स्थानकातून वेगवान 'नमो भारत' गाडी सुटते. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातलं साहिबाबाद म्हणजे कारखाने आणि कारखान्यांच्या पोटात अडकलेली जुनी गावं. शेती गेली, गावकऱ्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळमधून आलेल्या कामगारांना भाड्याने दिल्या. झंडापूर हे त्यातलंच एक गाव.

'जन नाट्य मंच', म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'जनम', ही दिल्लीतली संस्था 1973 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती मोठी नाटकं करायची. उघड्या मैदानावर मंच बांधून, दिवे लावून. आणीबाणीत ते सगळं थांबलं. आणीबाणी उठल्यावर ही मंडळी पुन्हा कामगार संघटनांकडे गेली, तेव्हा संघटनांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. मोठ्या नाटकाचा खर्च कुणाला झेपणारा नव्हता. मग खर्च लागणार नाही, सामान लागणार नाही आणि वेळही फार लागणार नाही असं नाटक करायचं ठरलं. त्यासाठी विषय मिळाला तो गाझियाबादमधूनच.

हारिग इंडिया नावाच्या कारखान्यातल्या संपाची हकीकत जनमचा नट-लेखक सफदर हाश्मी सांगत असे. कामगारांच्या मागण्या दोन. सायकली ठेवायला जागा, आणि चहा मिळेल, डबा गरम करता येईल असं उपाहारगृह. मालकांनी त्या मान्य केल्या नाहीत, संप झाला, फाटकावर गोळ्या चालल्या आणि सहा कामगार मेले. या घटनेतून 1978 मध्ये 'मशीन' हे नाटक तयार झालं. अवघं तेरा-एक मिनिटांचं. नट हातापायांची गुंफण करून यंत्र उभं करतात, ते घरघरतं, आणि अचानक बंद पडतं. ते का बंद पडलं, हेच नाटक. हिंदीतल्या आधुनिक पथनाट्याची चर्चा आजही या तेरा मिनिटांपासून सुरू होते. सायकल आणि चहा यांच्यासाठी माणसं मरतात, ही गोष्ट त्या काळी वर्तमानपत्रांच्या एका कोपऱ्यात संपून गेली असती. तेरा मिनिटांनी ती शहरभर फिरवली.

यानंतरच्या दहा वर्षांत जनमने भाववाढ, दिल्लीतली बसभाडेवाढ, दंगली, बेकारी, बायकांचं जिणं अशा विषयांवर एकामागून एक नाटकं केली. 1979 मधलं 'औरत' तर अनेक भारतीय भाषांमध्ये गेलं. सफदर स्वतः इंग्रजीचा पदवीधर, काही काळ प्राध्यापक, मग पश्चिम बंगाल सरकारच्या दिल्लीतल्या कचेरीत माहिती अधिकारी. ती नोकरीही त्याने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला सोडली आणि पूर्णवेळ हेच काम पत्करलं. तो मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता आणि त्याची नाटकं बाजू घेणारी होती. हे लपवण्यासारखं नाही. बाजू न घेणाऱ्या माणसाचं स्वातंत्र्य राखणं सोपं असतं. खरा प्रश्न बाजू घेणाऱ्याचा असतो.

*

नोव्हेंबर 1988 मध्ये दिल्ली आणि आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात सात दिवसांचा मोठा संप झाला. संपाच्या तयारीसाठी जनमने 'चक्का जाम' केलं. संप संपल्यावर तेच नाटक बदलून 'हल्ला बोल' या नावाने आणलं. या नाटकाच्या सुरुवातीला एक गंमत आहे. नट कडं करून उभे राहतात तोच एक पोलीस येतो आणि नाटक करायला मनाई करतो. आम्ही राजकारणाचं काही करत नाही, प्रेमकथा करतोय, असं सांगून नट त्याची समजूत घालतात, आणि प्रेमकथेच्या आडून कामगाराच्या मजुरीची कथा सुरू होते. सेन्सॉर इथे विनोदी पात्र म्हणून नाटकातच येऊन बसला आहे. प्रेक्षक त्याला हसतात, कारण त्यांच्या ओळखीचा सेन्सॉर तोच. गणवेशातला, बावळट, थोडं गोड बोललं की ऐकणारा.

1 जानेवारी 1989, रविवार. गाझियाबादमध्ये नगरपालिकेच्या निवडणुका होत्या. मार्क्सवादी पक्षाने पाठिंबा दिलेले रामानंद झा उमेदवार होते आणि त्यांच्या समर्थनार्थ झंडापूरमध्ये सकाळी 'हल्ला बोल'चा प्रयोग सुरू झाला. सुट्टीचा दिवस, थंडीतलं ऊन, माणसं जमली होती. प्रयोग रंगात असताना काँग्रेसचा पाठिंबा असलेले उमेदवार मुकेश शर्मा यांची मिरवणूक त्याच रस्त्याने आली.

इथे कायद्याच्या नजरेने क्षणभर थांबायला हवं. रस्त्यावर हक्क दोघांचाही होता. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, शांततेने जमण्याचं आहे आणि फिरण्याचंही आहे. पथनाट्य पहिल्या दोहोंवर उभं असतं, मिरवणूक तिन्हींवर. असे दोन हक्क समोरासमोर येतात तेव्हा घटना तिथे हजर नसते, न्यायाधीश हजर नसतो, बहुतेकदा पोलीसही नसतो. तिथे उभ्या असलेल्या माणसांनाच काय ते ठरवावं लागतं. सफदर पुढे झाला आणि त्याने मिरवणुकीला सांगितलं, नाटक संपेपर्यंत थोडा वेळ थांबा, नाहीतर दुसऱ्या वाटेने जा. सार्वजनिक जागेत विचारस्वातंत्र्य नांदायचं असेल तर याहून वेगळी, याहून मोठी कुठलीही तरतूद लागत नाही. दोन पर्याय होते. दोन्ही फुकट होते. दोन्हींमध्ये मिरवणुकीची चार-दोन मिनिटं जात होती.

त्यानंतर जे झालं ते लाठ्या, सळया आणि बंदुकांनी झालं. प्रेक्षक आणि नट जवळच्या सीटू कामगार संघटनेच्या कार्यालयाकडे पळाले. हल्लेखोर तिथेही पोहोचले. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून सफदर दाराशी थांबला आणि त्याच्या डोक्यावर घाव पडले. दुसऱ्या दिवशी, 2 जानेवारीला रात्री, दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात तो गेला. वय चौतीस. त्याच हल्ल्यात राम बहादूर हा नेपाळमधून आलेला कामगार गोळी लागून ठार झाला.

*

या दुसऱ्या नावाकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. सफदर हाश्मीवर पुस्तकं झाली, कविता झाल्या, रस्त्यांना त्याचं नाव मिळालं. राम बहादूर मात्र बहुतेक ठिकाणी अर्ध्या वाक्यात येतो. सेन्सॉरशिपचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची यादी करतो, नटांची करतो, संपादकांची करतो. ज्यांनी ऐकलं त्यांची यादी कुणी करत नाही. खरं पाहता बंदीचा खरा रोख श्रोत्यावरच असतो. बंद खोलीत एकट्याने म्हटलेल्या संवादाला कुणी हरकत घेत नाही. हरकत येते ती तो संवाद दुसऱ्याच्या कानावर पडतो तेव्हा. मुंबई राज्यात मोरारजी देसाईंच्या सरकारने अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी आणली, तेव्हाही चिंता तीन शाहिरांची नव्हती. त्यांच्यासमोर बसणाऱ्या गिरणी कामगारांच्या गर्दीची होती. झंडापूरच्या गर्दीला त्या दिवशी सांगितलं गेलं की तुम्ही काय ऐकायचं ते आम्ही ठरवू. सांगण्याची भाषा तेवढी लाठीची होती.

कायद्याच्या पुस्तकात मात्र उत्तर प्रदेशातलं नाटक तोवर मोकळं झालेलं होतं. 1953 मध्ये लखनौला 'इप्टा' या नाट्यसंस्थेने प्रेमचंदांच्या 'ईदगाह'वर बेतलेलं नाटक केलं, अधिकाऱ्यांनी परवानगी मागे घेतली, खटला झाला, आणि 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1876 चा नाट्यप्रयोग कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरवला. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ला गिळणारा कायदा गाझियाबादला लागू असलेल्या न्यायकक्षेत तेव्हाच निकामी झाला होता. संसदेने तो कायद्याच्या पुस्तकातून काढला मात्र थेट 2018 च्या सुरुवातीला. 'हल्ला बोल'च्या वाटेत कुठलीही पूर्वपरवानगीची भिंत नव्हती, कुणी शब्द गाळायला सांगितला नव्हता. कागदावर पाहिलं तर 1989 मधला झंडापूरचा नट 1972 मधल्या 'सखाराम बाइंडर'च्या मुंबईतल्या नटापेक्षा अधिक स्वतंत्र होता. मरण त्याच्याच वाट्याला आलं.

सफदरच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत, 30 मार्च 1989 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्याचा निकाल दिला. प्रकरण 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाचं होतं. जातीवर आधारित आरक्षणावर त्यात टीका होती, आणि चित्रपट दाखवला तर गडबड होईल असं तमिळनाडू सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. निदर्शनांच्या, मिरवणुकांच्या किंवा हिंसेच्या धमक्या आहेत म्हणून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, तिला संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, असा त्या निकालाचा सारांश. डाव्यांचं कामगारनाट्य आणि आरक्षणावर टीका करणारा चित्रपट, या दोघांच्या मतांत काहीही समान नाही. समान आहे ती गरज. गुंडगिरी करणाऱ्याला नकाराधिकार मिळता कामा नये.

झंडापूरच्या खटल्याचा निकाल गाझियाबादच्या न्यायालयातून यायला 2003 साल उजाडलं. मुकेश शर्मा आणि त्यांच्या साथीदारांना दोषी ठरवून जन्मठेप झाली. निकालाला चौदा वर्षं लागली. नेमक्या त्याच वर्षी पश्चिम बंगालमधल्या डाव्या आघाडीच्या सरकारने तस्लिमा नसरीन यांच्या 'द्विखंडित' या आत्मचरित्राच्या खंडावर बंदी घातली, जी पुढे कोलकाता उच्च न्यायालयाने उठवली. सफदर ज्या पक्षाचा होता त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालचं ते सरकार. ही गोष्ट या संग्रहाच्या प्रस्तावनेत यायलाच हवी, कारण विचारस्वातंत्र्य कुठल्या पक्षाच्या घरी कायमचं मुक्कामाला नसतं. विरोधात असताना प्रत्येकाला चौक हवा असतो. सत्तेत आल्यावर त्याच चौकातल्या वाहतुकीची काळजी वाटू लागते.

*

या घटनेचा एक धागा थेट मराठी रंगभूमीला जोडलेला आहे. झंडापूरच्या त्या कड्यात सुधन्व देशपांडे हा तरुण नट होता. पुढे 2020 मध्ये त्याने 'हल्ला बोल' याच नावाने सफदरच्या मृत्यूची आणि जगण्याची कहाणी इंग्रजीत लिहिली. तो गो. पु. देशपांडे यांचा मुलगा. गोपु दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चीनचा अभ्यास शिकवत आणि मराठीत नाटकं लिहीत. त्यांचं 'उद्ध्वस्त धर्मशाळा' हे 1974 चं नाटक विचारस्वातंत्र्यावरचं मराठीतलं सर्वांत बौद्धिक नाटक म्हणता येईल. एका डाव्या प्राध्यापकाची विद्यापीठाची समिती चौकशी करते. खोली बंद, भाषा सभ्य, प्रश्न त्याच्या राजकारणापासून त्याच्या खाजगी आयुष्यापर्यंत घसरत जाणारे. तिथे कुणी हात उगारत नाही. माणूस प्रश्नांनीच पोखरला जातो.

बापाने बंद खोलीतली चौकशी लिहिली, मुलाच्या वाट्याला उघड्या रस्त्यावरचा हल्ला आला. सेन्सॉरशिपची ही दोन टोकं. एका टोकाला समिती असते, इतिवृत्त असतं, चहा असतो. दुसऱ्या टोकाला सळई असते. मधल्या पट्ट्यात बाकी सगळे प्रकार येतात. त्यातला एक आपल्या पुण्यातला. 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 ला रंगमंचावर आलं आणि काही प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच थांबवलं. सरकारने नाही, मंडळाने नाही. मग नाटकातली तरुण मंडळी बाहेर पडली, 'थिएटर अकॅडमी' स्थापन झाली आणि घाशीराम पुन्हा नाचू लागला. आपलीच माणसं थांबवतात तेव्हा त्याला बंदी म्हणायलाही जीभ रेटत नाही. पण प्रयोग तर बंदच असतो.

गोपुंच्या महात्मा फुल्यांवरच्या 'सत्यशोधक' नाटकाचाही प्रवास याच वाटेने झाला. नव्वदच्या दशकात जनमने ते हिंदीत केलं, आणि 2012 मध्ये अतुल पेठे यांनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन ते मराठीत उभं केलं. सत्यशोधक जलशांच्या महाराष्ट्राला पथनाट्य दिल्लीने शिकवलं असं म्हणण्यात अर्थ नाही. विचार गावोगाव पायी नेण्याची आपली परंपरा जुनी आहे. फुल्यांचं नाटक हिंदीतून फिरून पुण्याच्या झाडूवाल्यांच्या तोंडी यावं, यात त्या परंपरेचंच वर्तुळ मोठं झालं.

*

3 जानेवारीला दिल्लीत सफदरची अंत्ययात्रा निघाली, हजारो माणसं चालली. 4 जानेवारीला मलयश्री हाश्मी, सफदरची पत्नी आणि जनमची नटी, बाकीच्या नटांना घेऊन झंडापूरला परत गेली. त्याच जागी उभं राहून त्यांनी अर्धवट राहिलेलं 'हल्ला बोल' शेवटपर्यंत केलं. समोर कामगारांची आणि दिल्लीहून आलेल्या लोकांची दाट गर्दी होती.

या कृतीला शौर्य म्हणून आपण मोकळे होतो, पण तिच्यामागे काटेकोर विचार आहे. निषेधसभा दिल्लीत कुठेही घेता आली असती. कलावंत, लेखक, चित्रपटवाले सगळेच संतापले होते; त्याच महिन्यात दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या व्यासपीठावरून शबाना आझमी यांनी जाहीर निषेध केला. त्याचं मोल आहेच. पण हल्लेखोरांनी भाषण बंद पाडलं नव्हतं, प्रयोग बंद पाडला होता. आणि दिल्लीत नाही, झंडापूरमध्ये. जागा त्यांनी मारली होती, तेव्हा उत्तर त्या जागेवरच द्यायला हवं होतं, आणि तेही नव्या भाषणाने नाही, तुटलेल्या प्रयोगाच्या उरलेल्या भागाने. म्हणूनच आजही दर 1 जानेवारीला जनमची मंडळी आणि कामगार झंडापूरमध्ये जमतात, नाटक होतं.

महाराष्ट्राला ही भाषा कळते, कारण पुढे ती आपल्यालाही शिकावी लागली. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात विठ्ठल रामजी शिंदे पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 16 फेब्रुवारी 2015 रोजी कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे सकाळच्या फेरीवरून परतत असताना त्यांच्यावर गोळीबार झाला, 20 तारखेला ते गेले. दोघांचीही पुस्तकं दुकानांत खुशाल विकली जात होती. कुणी त्यांच्यावर बंदी मागण्याच्या फंदात पडलं नाही. रस्त्यावर चालणारा माणूसच संपवला. त्यावर दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते महिन्याच्या 20 तारखेला त्याच पुलावर जमू लागले, कोल्हापुरात 'निर्भय मॉर्निंग वॉक' निघू लागला. अतुल पेठे यांनी कार्यकर्त्यांना हाताशी धरून 'रिंगणनाट्य' उभं केलं. मध्ये मोकळी जागा, भोवती माणसं. पूल, फिरण्याची वाट, रिंगण. तिन्ही उत्तरं जागेची आहेत. दाभोलकरांच्या खुनाचा निकाल पुण्याच्या न्यायालयात लागला तो मे 2024 मध्ये. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. इथेही दशकाहून जास्त काळ गेला.

*

आज पथनाट्य फोफावलं आहे असं कुणाला वाटेल. महाविद्यालयांच्या महोत्सवांत स्पर्धा होतात, महापालिका स्वच्छतेवर करून घेतात, कंपन्या हेल्मेटवर. डफ वाजतो, काळे टी-शर्ट असतात, घोषणा असतात. विषय मात्र असे की त्यावर कुणाचंही दुमत नसतं. रस्त्यावर थुंकू नये, याला विरोध करणारी मिरवणूक येण्याची शक्यता नाही. या नाटकांना मी कमी लेखत नाही, पण ज्या प्रकारात विषय निवडतानाच परवानगीचा, बक्षिसाचा आणि प्रायोजकाचा विचार होतो तिथे मंडळाची गरजच उरत नाही. कात्री आधीच चाललेली असते, आणि ती आपल्याच हातात असते. 'मशीन'मधल्या सायकल स्टँडइतका साधा प्रश्न आज कारखान्याच्या फाटकावर मांडायला किती गट तयार होतील, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावं.

दुसरीकडे, चौकातलं बोलणं आता मोठ्या प्रमाणात फोनवर गेलं आहे. गाझियाबाद तिथेही मागे नाही. जून 2021 मध्ये याच जिल्ह्यातल्या लोणीत एका वृद्धाला झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ पसरला, आणि तो पसरवल्याबद्दल ट्विटर कंपनी आणि काही पत्रकारांवर लोणी बॉर्डर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. पोलिसांचं म्हणणं, पसरवणाऱ्यांनी घटनेला चुकीचा जातीय रंग दिला. कंपनीच्या बंगळुरूतल्या अधिकाऱ्याला पाठवलेली नोटीस कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केली, त्यावर उत्तर प्रदेश सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वादात कोण बरोबर हा इथला मुद्दा नाही. मला वेगळीच काळजी वाटते. पडद्यावरून मजकूर काढून टाकला की तो कुठून काढला हे दाखवता येत नाही. तिसऱ्या दिवशी परत जाऊन उभं राहावं अशी जागाच तिथे नसते. ऐकणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे आपण किती जण थांबलो होतो हेही कुणाला कळत नाही. म्हणून, सगळं काही फोनवर मिळत असताना, पथनाट्याचं हे जुनं कडं मला आजही गरजेचं वाटतं.

*

या संग्रहातली नाटकं वाचताना दोन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. एक, ही नाटकं कागदावर थोडी उघडी-बोडकी वाटतील. संवाद छोटे, पात्रं ढोबळ, विनोद ठसठशीत. ती तशीच असायला हवीत. ज्याची बस दहा मिनिटांत सुटणार आहे त्याला धरून ठेवायचं असतं, आणि मागच्या रांगेत उभ्या असलेल्याला रिक्षांच्या आवाजातून ऐकू जायला हवं असतं. प्रत्येक नाटकात मध्येच अडथळा येईल हे गृहीत धरून जागा सोडलेल्या आहेत. अनुभवी नट तिथे कुत्रा, फेरीवाला, हवालदार, सगळ्यांना सामावून घेतो. दुसरी गोष्ट, यातल्या सगळ्या मतांशी वाचकाने सहमत व्हावं अशी अपेक्षा नाही. मीही नाही. काही नाटकांत मालक फारच काळा आणि कामगार फारच गोरा आहे. प्रचाराच्या नाटकात ही खोट राहतेच, आणि ती दाखवून देणं हे प्रेक्षकाचं काम आहे.

ही नाटकं करायला घेणाऱ्या तरुण गटांना एवढंच सांगेन. पोलीस परवानगी लागत असेल तिथे रीतसर अर्ज करा, नकार आला तर तो लेखी मागा. जागा अशी निवडा की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहील. कुणाची मिरवणूक आली तर सफदरने मांडलेले दोन पर्याय त्यांच्यापुढे ठेवा, आणि उलट कधी तुम्ही मिरवणुकीत असाल आणि समोर नाटक चालू असेल, तर ते दोन पर्याय स्वतःला लागू करा. विरोधकाच्या नाटकासाठी आपली मिरवणूक थांबवणं, ही या सगळ्या विषयातली सर्वांत अवघड तालीम आहे. ती घोषणांनी होत नाही, सवयीने होते.

आणि कड्यात उभ्या राहणाऱ्यांना : नाटक पटलं नाही तर जरूर बोला, वाद घाला, उद्या याच चौकात याला उत्तर देणारं नाटक आणा. फक्त आजचा प्रयोग आधी पुरा होऊ द्या.